पाहुण्यांसमोर भांडायचं नाही?

1923 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये सुरू असलेल्या एका नाटकाचा निर्माता आणि त्यातले नट यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. नाटक होतं ज्यू नाटककार शोलेम आशचं 'गॉड ऑफ व्हेन्जन्स'. बाप तळघरात कुंटणखाना चालवतो आणि वरच्या मजल्यावर अब्रूदार संसार मांडतो. मुलगी सोवळ्यात राहावी म्हणून घरात तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची गुंडाळी लिहवून आणतो, आणि मुलगी प्रेमात पडते ती खालच्याच एका बाईच्या. आता त्या काळी एवढं ऐकून पोलीस आले असतील यात नवल नाही. नवल आहे ते तक्रारदाराचं. तक्रार केली होती शहरातल्या एका प्रतिष्ठित सिनेगॉगचे, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराचे, रब्बाय (धर्मगुरू) जोसेफ सिल्व्हरमन यांनी. म्हणजे घरातल्याच वडीलधाऱ्या माणसानं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हेच नाटक त्याच न्यूयॉर्कमध्ये 1907 पासून यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत लोकांसमोर आलेलं होतं. यिडिश वर्तमानपत्रांनी त्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटल्या, नाटककाराला शिव्या घातल्या, पण पोलीसचौकीत कुणी गेलं नाही. नाटक इंग्रजीत आलं, ब्रॉडवेवर म्हणजे शहराच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर लागलं, आणि मग मात्र ते गुन्हा ठरलं. मे महिन्यात शिक्षाही झाली. पुढे अपिलात ती रद्द झाली, पण तोवर नाटक बंद पडून गेलं होतं.

हा प्रश्न शंभर वर्षांत मिटलेला नाही. परक्या देशात येऊन राहिलेल्या, संख्येनं थोड्या असलेल्या समाजानं आपल्या घरातली भांडणं, लबाड्या, आईबापांचे जुलूम, पोरांची बेइमानी चारचौघांत दाखवावी का? ज्यू समाजापुरतं बोलायचं तर त्याच्या नाटककारांनी उत्तर कधीच देऊन टाकलंय: दाखवावी, आणि दाखवताना हसवावंसुद्धा. समाजाच्या पुढाऱ्यांचं उत्तर मात्र दर पिढीत उलट येत राहिलं. माझं मत नाटककारांच्या बाजूनं आहे. पण पुढाऱ्यांची बाजू मूर्खपणाची होती असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि खोटंही.

1923 साली त्या रब्बायच्या आजूबाजूला काय चाललं होतं ते बघा. मोटारवाल्या हेन्री फोर्डचं वर्तमानपत्र 1920 पासून ज्यूंच्या विरोधात लेखमाला चालवत होतं. 1921 मध्ये अमेरिकेनं परदेशातून येणाऱ्यांवर पहिली संख्येची मर्यादा घातली होती. 1924 च्या कायद्यानं ती इतकी आवळली, की पूर्व युरोपातल्या ज्यूंना दार जवळजवळ बंदच झालं. कोटा ठरवायला मुद्दाम 1890 ची जनगणना धरली, कारण त्या साली ही मंडळी तिथे फारशी पोचलेलीच नव्हती. असा कायदा समोर घडत असताना ब्रॉडवेवर एक ज्यू बाप कुंटणखाना चालवताना दिसतो. रब्बायच्या पोटात गोळा आला तर त्याला नुसता भित्रा म्हणता येणार नाही. विरोधकाच्या हातात आपणच काठी देतोय, ही भीती हवेतली नव्हती.

तरीही त्या भीतीनं सुचवलेला उपाय चुकीचा होता असं मला वाटतं. घरात काय चाललंय हे झाकून कायदा थांबणार नव्हता, आणि थांबलाही नाही. नाटकावर शिक्षा झाली, आणि वर्षभरात कायदाही झाला. झाकपाकीनं काय साधलं, तर आपल्याच लोकांचं तोंड बंद झालं.

आणि घरात काय चाललं होतं? 1881 ते 1924 या काळात पूर्व युरोपातून सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेत आले. त्यातले फार मोठ्या संख्येनं न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या चाळवजा इमारतींत राहिले. दोन खोल्या, त्यात सहासात माणसं, वर एखादा भाडेकरू, आणि दिवसभर शिलाईयंत्रं. 'फोरव्हर्ट्स' या यिडिश दैनिकात 1906 पासून वाचकांची पत्रं आणि त्यांना सल्ला असं एक सदर यायचं. त्यात काय नसायचं! गावाकडची बायको बोलावून घेतली, पण आता ती 'अडाणी' वाटते असं कबूल करणारा नवरा, पोरं आपल्याला लाजतात म्हणून रडणारी आई, लग्नात फसलेली मुलगी. याच वर्तमानपत्रात बायकापोरं टाकून पळालेल्या नवऱ्यांचे फोटो छापले जायचे, रांगेनं, एखाद्या पोलीस नोटिशीसारखे. असे नवरे इतके होते की ज्यूंच्या धर्मादाय संस्थांनी त्यांना हुडकून काढायला 1911 मध्ये स्वतंत्र कचेरी उघडली. म्हणजे कुटुंब मोडलेलं आहे हे समाजाला ठाऊक होतं, तो त्याबद्दल बोलत होता, पैसेही खर्च करत होता. अट एकच होती: आपल्या भाषेत बोला.

यिडिश रंगभूमीनं ही अट पाळून काय काय केलं! जेकब गॉर्डिननं 1892 मध्ये शेक्सपिअरचा लिअर उचलून तो एका श्रीमंत ज्यू व्यापाऱ्याच्या घरात आणला. जेकब अॅडलर हा नट तो बाप करायचा. मुलींनी हाकललेला म्हातारा भीक मागतो त्या प्रसंगाला एक प्रेक्षक उभा राहून ओरडला होता म्हणे, 'सोड त्या नतद्रष्ट पोरींना, चल माझ्या घरी, माझी बायको चांगला स्वयंपाक करते!' आख्यायिका असेल. पण प्रेक्षागृहात गावाकडे आईबापांना मागे टाकून आलेली हजारो माणसं बसलेली असताना ती खरी वाटते, यातच तिचं मोल आलं.

अट मोडायचं काम त्याच अॅडलरच्या मुलांच्या वाट्याला आलं. 19 फेब्रुवारी 1935 ला बेलास्को थिएटरमध्ये ग्रुप थिएटर या संस्थेनं क्लिफर्ड ओडेट्स या ज्यू नाटककाराचं 'अवेक अँड सिंग!' हे नाटक केलं, इंग्रजीत, ब्रॉडवेवर. त्यात आईचं काम स्टेला अॅडलरनं केलं, आणि भाऊ लूथरही त्या नाटकात होता. ब्रॉन्क्समधल्या एका फ्लॅटमध्ये बर्गर कुटुंब राहतं, मंदीचे दिवस आहेत. कथा ऐकवली तर कुणी विनोदी म्हणणार नाही. मुलगी हेनी लग्नाआधी गरोदर राहते, आई बेसी तिला सॅम नावाच्या एका नुकत्याच आलेल्या, इंग्रजी धड न बोलणाऱ्या भाबड्या माणसाच्या गळ्यात बांधते, आणि मूल त्याचंच आहे असं त्याला भासवते. मुलगा राल्फ एका अनाथ मुलीच्या प्रेमात आहे, ते आईला खपत नाही, कारण घरात येणारा त्याचा पगार जाईल. आजोबा जेकब मार्क्स वाचतो, ऑपेरागायक कारुसोच्या रेकॉर्डी ऐकतो आणि घरात कुणी त्याला विचारत नाही. बेसी रागाच्या भरात त्या रेकॉर्डी फोडते. आजोबा कुत्र्याला फिरवायला गच्चीवर जातो आणि तिथून पडून मरतो. विम्याचे तीन हजार डॉलर त्यानं राल्फच्या नावानं ठेवलेले असतात. पडला की उडी मारली, हे प्रत्येकानं मनात ठरवायचं.

आणि तरी हे नाटक हसवतं. कसं? या घरात कुणी कुणाचं ऐकत नाही. एक प्रश्न विचारतो, दुसरा त्याला प्रश्नानंच उत्तर देतो, तिसरा मध्येच फळ मागतो. बाप मायरन स्वप्नाळू चेहऱ्यानं लॉटरीबद्दल आणि थिओडोर रूझवेल्टबद्दल बोलत राहतो, आणि बायको मुलीच्या पोटातल्या मुलाचा बंदोबस्त करत असते. हा विनोद चुटक्यांचा नाही. सहा माणसं जागा नसलेल्या घरात एकमेकांच्या अंगावर राहिली की जे होतं, ते तो आहे. चाळीत वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको.

पण मला थांबायचंय ते बेसीपाशी. खलनायिका करायला इतकी सोपी बाई दुसरी नाही. लबाड, कजाग, पोरांच्या आयुष्यावर टाच आणणारी. ओडेट्स काय करतो? पहिल्याच अंकात तिच्या तोंडी एक साधी बातमी देतो: शेजारच्या रस्त्यावर आज एका कुटुंबाला घराबाहेर काढलं, सगळं सामान फुटपाथवर, आणि त्यात एक पांढऱ्या केसांची भली म्हातारी. ही बाई रोज रात्री डोळे मिटल्यावर ते सामान बघत असणार, हे आपल्याला तिथेच कळतं. आणि शेवटाकडे ती सांगते की या घरात मी नुसती आई नाही, बापही मीच. नवरा वकिली शिकायला गेला तेव्हा पहिली दोन वर्षं मी मोज्यांच्या कारखान्यात आठवड्याला सहा डॉलरवर राबले. नवरा वकील झालाच नाही. या दोन जागा काढून टाका, बेसी लगेच कार्टून होते. त्या आहेत म्हणून प्रेक्षक तिच्यावर चिडतो आणि तिला दोषही देऊ शकत नाही.

ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागात वाढलेला समीक्षक अल्फ्रेड काझिन याने पुढे लिहून ठेवलंय की ते नाटक पाहताना आपले आईबाप, काकामामा रंगमंचावर वावरताना दिसले, आणि हॅम्लेट किंवा लिअर यांच्याइतक्याच हक्कानं त्यांनी ती जागा घेतली होती. हक्क हा मुद्दा इथे कळीचा आहे. डेन्मार्कच्या राजघराण्यात काका भावाचा खून करून वहिनीशी लग्न लावतो, त्यावरून कुणी डॅनिश माणसांची बदनामी झाल्याची तक्रार करत नाही. ज्याचं घर पक्कं आहे त्याला घरात ओरडायची मुभा असते. भाडेकरू हळू आवाजात भांडतो, कारण मालक वरच राहतो. 'चांगली प्रतिमा' मागणारे पुढारी समाजाला कायमचं भाडेकरू ठेवत होते. ओडेट्सनं बर्गर मंडळींना मोठ्यानं भांडू दिलं, म्हणून ती त्या शहराची झाली.

आता याच्याविरुद्ध जाणारी गोष्ट, आणि ती खरीच मोठी आहे. बेसीनंतर काय झालं? नाइटक्लबातले विनोदवीर, टीव्ही, कादंबऱ्या, सगळ्यांनी मिळून 'ज्यू आई' नावाचा एक साचा बनवला. जेवायला बळजबरी करणारी, अपराधी वाटायला लावणारी, मुलाच्या बायकोचा दुस्वास करणारी. मोज्यांचा कारखाना गेला, फुटपाथवरचं सामान गेलं, उरली ती कटकट. पुढाऱ्यांना ज्याची भीती होती तेच झालं म्हणायचं, आणि तेही बऱ्याच अंशी ज्यू लेखकांच्याच हातून. हे मी नाकारत नाही. पण त्याचं मूळ मी मोडकं कुटुंब दाखवण्यात शोधणार नाही. ते कशानं मोडलं याचा हिशेब लेखकानं टाकून दिला, तिथे ते मूळ आहे. नाटकावर आक्षेप घ्यायचाच असेल तर याच जागी घ्यावा: 'ही बाई वाईट का दाखवली' असं विचारू नका, 'हिला अशी कुणी केली ते कुठंय' असं विचारा.

हीच कसोटी लावून नील सायमन या ज्यू नाटककाराचं 'लॉस्ट इन याँकर्स' बघू. 1991 मध्ये ते ब्रॉडवेवर आलं, पुलित्झर आणि टोनी हे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. काळ 1942. एडीनं बायकोच्या कॅन्सरच्या उपचारासाठी सावकाराकडून नऊ हजार डॉलर उचललेले. बायको तर गेली. कर्ज फेडायला दक्षिणेकडे भंगार लोखंडाची फिरती विक्री करायला तो जातो आणि दोन मुलांना दहा महिने आपल्या आईकडे ठेवतो. ही आजी जर्मनीहून आलेली, खाली गोळ्याचॉकलेटचं दुकान, वर घर. मिठाईच्या दुकानाच्या वर राहूनही घरात गोडवा औषधालाही नाही. दुकानातल्या प्रेट्झेलवरचं मीठ जरी कमी झालं तरी तिला कळतं, असा तिचा लौकिक. तिच्या चार मुलांकडे बघा: एडी रडवा, लुई किरकोळ गुंड, गर्टला आईसमोर बोलताना श्वासच पुरत नाही आणि वाक्याचा उत्तरार्ध ती श्वास आत ओढत बोलते, आणि बेला पस्तिशीची असून मनानं लहान मूल राहिलेली. प्रेक्षक गर्टच्या बोलण्यावर खो खो हसतो. नंतर कळतं की ही मुलं लहानपणी रडली तर आई त्यांना कपाटात कोंडायची. ते हसू मग घशात अडकतं. सायमनला हे नेमकं हवंय, आणि तंत्र म्हणून ते अचूक आहे.

आजीच्या वागण्याचा हिशेबही तो देतो. बर्लिनमध्ये लहानपणी एका निदर्शनात घोड्याखाली सापडून तिचा पाय चिरडलेला, तो आयुष्यभर दुखत राहिला. दोन मुलं लहानपणीच गेली, नवरा गेला. जगायचं तर पोलाद व्हायचं एवढंच ती शिकली आणि तेवढंच तिनं शिकवलं. दुसऱ्या अंकात बेला सगळ्या घराला एकत्र बसवते. कुणी कुठल्या खुर्चीवर बसायचं हे तिनं आधीच ठरवलंय, लुई बसायला तयार नाही, त्यावरून गंमत चालते, आणि त्या गमतीच्या मध्येच ती सांगते की मला सिनेमागृहातल्या डोअरकीपरशी लग्न करायचंय, मला मुलं हवीत. हे दृश्य मला ओडेट्सच्या कुठल्याही दृश्याइतकं मोठं वाटतं. शेवट मात्र मला पटत नाही. एडी कर्ज फेडून परत येतो, पोरं शहाणी होऊन निघतात, आजीही थोडी मऊ पडल्यासारखी वाटते. ब्रॉडवेच्या तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं प्रेक्षक उठतो. ओडेट्सची हेनी तान्हं मूल आणि सॅम दोघांनाही टाकून एका पाय गमावलेल्या लफंग्याबरोबर निघून जाते आणि तिचा भाऊ तिला 'जा' म्हणतो. तो शेवट आजही अंगावर येतो. पहिल्या नाटकानं कुणाची मनधरणी केली नाही, दुसऱ्यानं शेवटच्या दहा मिनिटांत केली.

जाता जाता एक. सायमनच्या नाटकात आजी केली होती आयरीन वर्थनं, जी ज्यू नव्हती, आणि त्या भूमिकेबद्दल तिला टोनी मिळालं. ज्यू भूमिका ज्यू नटांनीच कराव्यात असा वाद अलीकडे चालतो. मला त्यात फार रस नाही. लिहिणारा आतला असेल आणि हिशेब पुरा असेल तर नट कुठलाही चालतो. उलट झालं तर आतला नटही त्याला वाचवू शकत नाही.

हे सगळं मराठीत लिहायचं कारण काय, असं कुणी विचारेल. एक कारण उघड आहे. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' 1980 मध्ये युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा 'परदेशात आपली अब्रू जाईल' हाच आक्षेप पुन्हा जोरात आला. नाटकाला विरोध इथेही झाला होता, पण पाहुण्यांसमोर म्हटल्यावर त्याला नवी धार चढली. दुसरं कारण म्हणजे आपली स्थलांतराची नाटकं बहुतेक मागे राहिलेल्यांच्या डोळ्यांनी पाहिलेली आहेत. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तले नाना-नानी आपण पिढ्यान्‌पिढ्या रडत पाहिले. अमेरिकेतल्या त्या मुलाच्या घरात काय चाललंय याची चौकशी आपण कमीच केली. तिकडच्या मराठी अधिवेशनांत यशस्वी माणसांचे सत्कार होतात, ढोलताशे वाजतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण पोरगी बापाशी बोलत नाही, सासू सहा महिन्यांच्या व्हिसावर येऊन बेसमेंटमध्ये एकटी बसते, हेही तिथलंच आहे.

आणि तिसरं कारण सगळ्यात जवळचं. मराठी बोलणारं ज्यू स्थलांतरित कुटुंब ही कल्पना नाही, ती वस्तुस्थिती आहे. रायगडच्या किनाऱ्यावरची, पेणकर, राजपूरकर, नवगावकर अशी आडनावं मिरवणारी बेने इस्राएल मंडळी 1948 नंतर हजारोंनी इस्राएलला गेली आणि दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत राहिली. तिथल्या रब्बायांनी 1962 मध्ये असे नियम काढले की या लोकांची लग्नं लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासून बघाव्यात. लोक रस्त्यावर आले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेनं हे सर्वार्थानं ज्यूच आहेत असा ठराव केला. आता त्या दोन वर्षांतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. नातीचं लग्न ठरलंय. आजीनं मलिद्यासाठी पोहे भिजवलेत, नारळ खवलाय. आणि तिला कुणीतरी येऊन सांगतंय की तुमच्या आजीची आजी कोण होती ते सिद्ध करा. मुलगा म्हणतो सही करून टाक आणि विषय मिटव, तर नातीला मोर्चात जायचंय. जावई दुसऱ्या देशातून आलेला, त्याला यातलं मराठी कळत नाही आणि तो प्रत्येक वाक्यानंतर 'काय म्हणाल्या?' असं विचारतोय. आजी ऐतिहासिक अन्यायाची मूर्ती वगैरे नाहीच. ती जातिवंत खाष्ट आहे, गावात असताना तिनंही कुणाकुणाला 'आपल्यातले नाहीत' म्हणून पंगतीत दूर बसवलेलं आहे, आणि धाकटी सून ते नेमकं आजच सगळ्यांसमोर काढते.

हे नाटक कुणीतरी लिहावं, आणि त्यातली धाकटी सून गाळू नये. समाजाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी फक्त आपल्या माणसांसाठी एक प्रयोग करून तो गुंडाळून ठेवायचा नाही. तेल अवीवमध्ये, हिब्रू भाषांतर पडद्यावर दाखवून, ज्यांच्या रब्बायांनी तो प्रश्न विचारला होता त्यांना तिकीट काढायला लावून करायचा, आणि नंतर दादर-ठाण्यातही.